बरी होऊन पुन्हा फुटणारी पुळी: त्वचेचे कर्करोग ओळखायचे कसे?

प्रश्न: वडील ६६ वर्षांचे आहेत. नाकपुडीच्या वरच्या कडेला दीड वर्षापासून ५-६ मिलिमीटरची एक काळसर, चकचकीत पुळी आहे. मधूनमधून खपली धरते, टॉवेल लागला की थोडं रक्त येतं, आठवडाभरात बरी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा तेच. दुखत नाही, खाजत नाही. ते म्हणतात, तीळ आहे, काही करायचं नाही. हा त्वचेचा कर्करोग असू शकतो का? आणि असे डाग घरी कसे ओळखावेत?

उत्तर:

असू शकतो. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींमुळे ही पुळी तीळ म्हणून सोडून देता येणार नाही: साठी उलटल्यावर ती नव्याने उगवली, दीड वर्ष झालं तरी गेली नाही, आणि टॉवेलच्या घासण्यानेही रक्त येऊन पुन्हा खपली धरते. येत्या एक-दोन आठवड्यांत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रात्रीच्या रात्री इस्पितळ गाठावं असं हे दुखणं नाही, पण पुढच्या वर्षावर ढकलावं असंही नाही. वर्णनावरून सर्वांत जास्त शक्यता बेसल सेल कार्सिनोमाची वाटते. त्वचेच्या कर्करोगांतला हा सगळ्यात संथ प्रकार. नक्की काय ते बायोप्सीच, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेली तपासणीच, सांगेल.

‘दुखत नाही’ हा वडिलांचा मुद्दा आधी घेऊ, कारण उशीर बहुतेक वेळा तिथेच होतो. त्वचेचे कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाहीत. दुखतं ते गळू, केसतोड, नखुरडं. तिथे पू असतो, सूज असते, ठणका असतो, आणि आठ-दहा दिवसांत सोक्षमोक्ष लागतो. कर्करोगाची गाठ ठणकायला किंवा तिथे मुंग्या यायला, बधिर व्हायला लागली, तर ती खोल गेल्याची किंवा मज्जातंतूच्या कडेने सरकल्याची शक्यता असते. म्हणून दुखण्याची वाट बघू नये.

दुसरी फसगत ‘बरी होते’ या शब्दांत आहे. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे दाढी करताना झालेली जखम आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत भरून येते आणि पुन्हा त्याच जागी फुटत नाही. गाठीवरची कातडी मात्र ताणून पातळ झालेली असते आणि तिच्या अगदी खाली नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या असतात. जरा घासलं की रक्त येतं, खपली धरते, खपली पडली की वर पातळसा पापुद्रा येतो आणि जखम भरली असं वाटतं. खालची गाठ जागच्या जागी असते. चार आठवड्यांत पूर्ण न भरणारी किंवा भरून त्याच जागी पुन्हा फुटणारी जखम तपासून घ्यायची, हा एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाठ केला तरी पुष्कळ काम होतं. डाग कसा दिसतो यावर माणसं फार वेळ घालवतात. महिन्या-दोन महिन्यांत तो कसा वागला, हे त्याहून जास्त बोलतं.

आता हे रोग होतात कशातून ते थोडक्यात. कातडीचा सगळ्यात वरचा थर, एपिडर्मिस, बहुतेक अंगावर कागदाइतका पातळ असतो. त्याच्या तळाशी बेसल पेशी असतात, त्यांच्यावर चपट्या होत जाणाऱ्या स्क्वेमस पेशी, आणि तळातच अधूनमधून रंग तयार करणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी. या तिन्हींचे कर्करोग म्हणजे अनुक्रमे बेसल सेल कार्सिनोमा, स्क्वेमस सेल कार्सिनोमा आणि मेलॅनोमा. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएमधले शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी ते दुरुस्त करते, पण प्रत्येक वेळी पूर्ण जमत नाही, आणि राहिलेल्या चुका वर्षानुवर्षं साठत जातात. झेरोडर्मा पिग्मेंटोसम नावाच्या जन्मजात आजारात ही दुरुस्तीच नीट होत नाही. त्या मुलांना शाळकरी वयातच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. यावरून ती दुरुस्ती किती मोलाची आहे ते कळतं.

सावळ्या-काळ्या कातडीत मेलॅनिन या रंगद्रव्याचं आवरण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं बसतं, त्यामुळे उन्हाने होणारे कर्करोग तिथे गोऱ्या कातडीपेक्षा बरेच कमी. पण ‘आपल्याला होत नाही’ हा त्याचा अर्थ नाही. सावळ्या माणसांत हे रोग दोन बाबतींत वेगळे वागतात: रंग वेगळा दिसतो, आणि ऊन न लागणाऱ्या जागी ते जास्त प्रमाणात सापडतात. गोऱ्या कातडीवरची चित्रं बघून शोधायला गेलं की दोन्ही निसटतात.

बेसल सेल कार्सिनोमाचंच बघा. वर्णन नेहमी ‘गुलाबी, मोत्यासारखी गाठ’ असं केलेलं असतं. सावळ्या कातडीवर ती पुष्कळदा काळी, तपकिरी किंवा निळसर करडी असते आणि बेमालूम तिळासारखी दिसते. फरक कळायला जवळून आणि नीट उजेडात बघावं लागतं. वडिलांचा चेहरा कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्या. खपली ओढून काढू नका. ओल्या कापसाने मऊ होऊन आपण सुटली तर ठीक. त्यांना खिडकीपाशी बसवा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, गालाला जवळजवळ समांतर धरा. मग पुळीच्या दोन बाजूंना बोटं ठेवून कातडी हलकेच ताणा. ताणल्यावर आजूबाजूची कातडी किंचित फिकी पडते आणि गाठीची कड अर्धपारदर्शक, मेणचट, मोतिया चमकेची उठून दिसते. कडेवर केसासारख्या बारीक, फांद्या फुटलेल्या लाल शिरा दिसतात का, रंग एकसारखा आहे की काळ्या-निळ्या ठिपक्यांचा आहे, मधोमध खळगा किंवा खपली आहे आणि कड मात्र गुंडाळल्यासारखी उंच आहे का, ते बघा. साधा तीळ रंगाने एकसारखा असतो, दाबला तर मऊ लागतो, त्यातून अनेकदा केस उगवलेला असतो आणि तो बहुधा तरुणपणापासून तिथे असतो. साठीनंतर चेहऱ्यावर नवा तीळ येणं हीच शंकेची गोष्ट.

ही गाठ नाक, डोळ्याचा आतला कोपरा, पापण्या, गाल, कानामागची जागा इथे विशेष येते. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये पापणी कुरतडत जाणाऱ्या अशा व्रणाचं वर्णन केलं, आणि पुढे त्याला उंदराने कुरतडल्यासारखा व्रण म्हणजे ‘रोडंट अल्सर’ हे नाव रुळलं. नाव अगदी चपखल आहे. हा रोग दूरच्या अवयवांत जवळजवळ कधीच पसरत नाही, पण असतो तिथे पोखरत राहतो. नाकाचं कूर्चेचं टोक, पापणी, डोळ्याच्या खोबणीचं हाड यांच्याजवळ पाच मिलिमीटरची गाठ आणि पंचवीस मिलिमीटरची गाठ यांत शस्त्रक्रियेचं जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. पहिलीला काही टाके पुरतात, दुसरीला कातडी दुसरीकडून आणून नाक नव्याने घडवावं लागू शकतं.

याचे आणखी दोन वेष लक्षात ठेवा. एक पाठीवर-छातीवर येणारा चपटा लालसर किंवा तपकिरी चट्टा; तो नायटा किंवा इसब समजून महिनोन् महिने मलमं लावली जातात. त्याची कड दोऱ्यासारखी बारीक, उंचावलेली असते, खाज फारशी नसते, आणि कुठल्याही मलमाने तो पूर्ण जात नाही. दुसरा जास्त लबाड: काहीही न लागता चेहऱ्यावर उमटलेला, मेणासारखा, कडक, फिकट व्रणासारखा पट्टा. त्याची कड डोळ्यांना कळतच नाही, गाठ दिसते त्याहून बरीच पसरलेली असते. जखम न होता आलेला व्रण, एवढ्या खुणेवर तो पकडायचा.

स्क्वेमस सेल कार्सिनोमाची चाल वेगळी. तो काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत वाढतो, हाताला टणक लागतो, वर जाड खरखरीत खवला किंवा शिंगासारखा कठीण थर असतो, आणि दाबल्यावर थोडा दुखूही शकतो. उन्हात राबलेल्या गोऱ्या कातडीवर त्याआधी खडबडीत चट्टे येतात. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात, पॉलिश कागदावरून बोट फिरवल्यासारखे. त्यातले बहुसंख्य कर्करोग होत नाहीत, पण एखादा जाड होऊ लागला, बुडाशी टणक झाला किंवा दुखायला लागला तर ताबडतोब दाखवावा. कानाची वरची कड, टक्कल पडलेलं डोकं, हाताची मागची बाजू आणि खालचा ओठ या त्याच्या ठरलेल्या जागा. खालच्या ओठावर कायम सालपट निघणारी एकच जागा, किंवा तिथली न भरणारी चीर, महिनाभर राहिली तर ती तपासायची. ओठ आणि कान इथून हा रोग मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत जाण्याची शक्यता इतर जागांपेक्षा जास्त असते.

सावळ्या कातडीत मात्र यासाठी पाहायची जागा म्हणजे जुना व्रण. भाजल्याचा डाग, वर्षानुवर्षं न भरलेली पायाची जखम, हाडातून पू येत राहणारं छिद्र, खूप काळ टिकलेला दाहक आजार यांत, बहुधा कित्येक वर्षांनी आणि अनेकदा दोन-तीन दशकांनी, हा कर्करोग उगवतो. फ्रेंच शल्यविशारद झाँ-निकोला मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये व्रणावर होणाऱ्या अशा वाढीचं वर्णन केलं, म्हणून त्याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात. हा प्रकार उन्हाने होणाऱ्यापेक्षा आक्रमक असतो आणि त्याचं निदान हमखास उशिरा होतं, कारण घरातल्यांना आणि जखम बांधणाऱ्यालाही त्या जखमेची सवय झालेली असते. जुन्या जखमेत काय बदललं तर सावध व्हायचं? कड आत उतरती असण्याऐवजी जाड होऊन बाहेर वळली, तळातून फुलकोबीसारखं मांस वाढू लागलं, वास बदलला, ड्रेसिंग काढताना पूर्वीपेक्षा जास्त रक्त येऊ लागलं, न दुखणारी जखम दुखू लागली. यातलं एकही दिसलं तर ‘जंतुसंसर्ग वाढलाय’ म्हणून अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स घेण्याआधी बायोप्सी मागा. तीही कडेवरच्या दोन-तीन वेगवेगळ्या जागांची. मधल्या मेलेल्या मांसाचा तुकडा घेतला तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

ऊन आणि जखमा सोडूनही कारणं आहेत. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत स्क्वेमस सेल कार्सिनोमा कित्येक पटींनी जास्त होतो, म्हणून त्यांनी कातडीची तपासणी ठरवून करायला हवी. पिण्याच्या पाण्यात वर्षानुवर्षं आर्सेनिक असेल तर तळहात-तळपायांवर दाण्यांसारखे घट्टे येतात आणि पुढे कर्करोगही. मानवी पॅपिलोमा विषाणूचा संबंध गुप्तांगांच्या आणि नखांभोवतीच्या कर्करोगाशी आहे. तिथली न जाणारी ‘चामखीळ’ लाजेपोटी लपवून ठेवू नये. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराड्यांच्या सफाई कामगारांच्या वृषणकोशाच्या कातडीवर होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हे दाखवून दिलं होतं. डांबर, काजळी यांच्याशी रोजचा संबंध असलेल्यांना ते आजही लागू आहे.

मेलॅनोमा या तिघांत सर्वांत कमी आढळतो, पण लवकर पसरतो, म्हणून भीती त्याचीच जास्त. तो फक्त जुन्या तिळातून होतो हा समज चुकीचा आहे. दहातले साधारण सात कोऱ्या कातडीवर नव्याने उगवतात. त्यासाठी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये एक इंग्रजी आद्याक्षरांची खूणगाठ दिली, ए-बी-सी-डी, आणि पुढे त्यात ई जोडला गेला. तिळाच्या मधून रेघ मारली तर दोन अर्धे जुळत नाहीत. कड दातेरी किंवा पुसट. काळा, तपकिरी, लाल, निळसर, पांढरा असे एकाहून जास्त रंग. ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा, मोठा. आणि बदलत जाणारा. पाचही खुणांना सारखं वजन देऊ नका. बदल ही त्यातली सगळ्यात भरवशाची खूण. ६ मिलिमीटरच्या आतला पण झपाट्याने बदलणारा ठिपका हा वीस वर्षं तसाच असलेल्या मोठ्या तिळापेक्षा जास्त काळजीचा.

या पाच अक्षरांतून एक प्रकार हमखास निसटतो. तो म्हणजे गाठीचा मेलॅनोमा. तो गोल, रेखीव, एकाच रंगाचा असतो, कधी तर काळा नसून लालभडक किंवा गुलाबी असतो आणि रक्ताळलेल्या फोडासारखा दिसतो. उंच, टणक आणि महिन्याभरापेक्षा जास्त काळ सतत वाढणारी कुठलीही नवी गाठ, रंग कोणताही असो, थांबून बघायची नाही. दुसरी उपयोगी खूण म्हणजे ‘वेगळा तीळ’. माणसाच्या अंगावरचे तीळ एका घराण्यातले असल्यासारखे एकमेकांशी मिळतेजुळते असतात. त्यांत एकच वेगळ्या तोंडवळ्याचा दिसला, तर तो आधी दाखवा.

तळपाय, तळहात आणि नखं यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सावळ्या कातडीत मेलॅनोमा मुख्यतः इथेच होतो आणि इथेच तो सर्वांत उशिरा सापडतो. याचा उन्हाशी संबंध नाही. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये ज्या मेलॅनोमाने गेले, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता. तळपायावरचा डाग कुरूप, चामखीळ, मधुमेहाची जखम किंवा जोडा चावल्याचं रक्त समजला जातो. कुरूप दाब पडतो तिथेच होतं आणि त्यात काळा रंग पसरत नाही. चामखिळीत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात, ते गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे. वरचा थर तासला की तिथून रक्ताचे थेंब येतात. पण तळपायावरची वेड्यावाकड्या कडेची, काही ठिकाणी फिकट तर काही ठिकाणी गडद अशी, हळूहळू पसरणारी काळी शाई, किंवा दोन महिने उपचार करूनही न भरणारी पायाची जखम, यांना बायोप्सीशिवाय नाव देऊ नये.

नखातली काळी उभी रेघ दिसली की लोक घाबरतात. सावळ्या माणसांत अनेक नखांवर अशा बारीक, एकसारख्या रेघा असणं नेहमीचं आहे. काळजीची रेघ ती, जी एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, चाळिशीनंतर नव्याने आली, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद आहे, मुळाशी जास्त रुंद होत टोकाकडे निमुळती दिसते, कडा पुसट आहेत, नख चिरत किंवा झिजत आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काळा रंग नखाबाहेर, मुळाजवळच्या कातडीवर उतरला आहे. या शेवटच्या खुणेला हचिन्सनची खूण म्हणतात. नखाखाली रक्त साकळलं असेल तर ते घरी ओळखता येतं: डागाच्या मुळाकडच्या कडेशी नखावर बारीक ओरखडा काढा आणि फोटो घ्या. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. साकळलेलं रक्त ओरखड्याबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख येतं. दोन-तीन महिन्यांत मागची जागा स्वच्छ झाली नाही, तर ते रक्त नव्हे. वर दिलेल्या बाकीच्या खुणा आधीच दिसत असतील, तर मात्र हे दोन महिनेही घालवू नका.

घाबरण्यासारखे नसलेले डागही सांगायला हवेत, नाहीतर प्रत्येक ठिपक्यावर झोप उडेल. उतारवयात येणारे, मेण चिकटवल्यासारखे, खरखरीत, नखाने निघतील की काय असे वाटणारे तपकिरी-काळे चट्टे म्हणजे सेबोऱ्हिक केराटोसिस; ते निरुपद्रवी. सावळ्या गालांवर डोळ्यांभोवती येणारे असंख्य बारीक काळे दाणे त्याच कुळातले. मानेवर-काखेत लोंबणारे मऊ मांसल दाणे, पोटावरचे लालबुंद गोल ठिपके, पायावरची दोन बोटांत चिमटल्यावर मध्ये खळगा पडणारी कडक गाठ, यांनाही काही करावं लागत नाही. अट एकच: वर्षानुवर्षं तसेच असावेत. बोटाच्या टोकाला किंवा हिरडीजवळ थोड्या दिवसांत उगवलेला, भळभळ रक्त येणारा लाल मांसल गोळा बहुधा साधा असतो, पण रंगहीन मेलॅनोमा हुबेहूब तसाच दिसतो; म्हणून तो काढल्यावर तपासणीला पाठवलाच पाहिजे.

इथेच एक चूक होते, आणि ती भरून काढता येत नाही. ‘तीळ आहे, जाळून टाकू’ म्हणत कॉटरीने, लेसरने, अॅसिडने किंवा घरगुती लेपाने डाग उडवला जातो. वरचा भाग जातो, खालचा राहतो, व्रणाखाली वाढत राहतो, आणि तपासायला ऊतकच शिल्लक नसतं. मेलॅनोमा असेल तर त्याची खोली मोजण्याची संधी कायमची गेली. अंगावरून कापलेला शंकास्पद तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे; डॉक्टरांनी गरज नाही म्हटलं तर का नाही, ते विचारा.

तपासणीला गेल्यावर डॉक्टर डर्मोस्कोपने बघतील. साधारण दहा पट मोठं दाखवणारं आणि कातडीची चकाकी घालवणारं हे भिंग. वडिलांच्या पुळीत त्यांना फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या आणि निळसर करड्या गोळ्या दिसल्या, तर निदान बरंचसं पक्कं होतं. तळपायावर ते रंग रेषांच्या उंचवट्यांवर आहे की खोबणीत, हे पाहतात. उंचवट्यांवरचा रंग मेलॅनोमाकडे बोट दाखवतो. मग बायोप्सी. जागा बधिर करून ३ किंवा ४ मिलिमीटरच्या गोल पंचने तुकडा घेतात, एखादा टाका घालतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. मेलॅनोमाची शंका असेल तर शक्यतो पूर्ण डागच १ ते ३ मिलिमीटरच्या कडेसह खोलवर काढतात, कारण पुढचं सगळं खोलीवर ठरतं. बायोप्सीने कर्करोग पसरतो हा समज घट्ट बसलेला आहे, पण तो खरा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रिपोर्टमध्ये रोगाच्या नावापलीकडे बघायच्या गोष्टी: बेसल सेलमध्ये प्रकार कोणता, गाठी बांधणारा की झिरपत जाणारा, स्क्वेमसमध्ये खोली, पेशी किती बिघडलेल्या आहेत आणि मज्जातंतूभोवती शिरल्या आहेत का, कडा मोकळ्या आहेत का. मेलॅनोमात सगळ्यात महत्त्वाचा आकडा ब्रेस्लो जाडी, म्हणजे रोग कातडीत किती मिलिमीटर खोल गेला आहे ते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये ही मोजण्याची पद्धत दिली. ०.८ मिलिमीटरच्या आतला, वर न फुटलेला मेलॅनोमा आणि ४ मिलिमीटरच्या पुढचा, या दोघांचं भवितव्य वेगळं असतं. साधारण १ मिलिमीटरपुढे जवळच्या पहिल्या लसिकाग्रंथीची तपासणी सुचवली जाते. मेलॅनोमाच्या जागेभोवतीची कातडी दुसऱ्यांदा कापून काढावी लागते: १ मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरपुढे २ सेंटिमीटर.

वडिलांना बेसल सेल कार्सिनोमा निघाला तर उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचाच. धड-हातापायांवरच्या लहान गाठीला ४ मिलिमीटरची निरोगी कड सोबत काढली की बहुतेकांचं काम होतं; स्क्वेमसला ४ ते ६. नाकावर इतकी कातडी सहज देता येत नाही आणि तिथे रोगाची मुळंही लांब जातात. त्यासाठी मोह्स पद्धत आहे. फ्रेडरिक मोह्स यांनी अमेरिकेत १९३० च्या दशकात ती सुरू केली. पातळ चकती काढायची, तिची संपूर्ण कड लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, जिथे पेशी उरल्या आहेत तेवढ्याच जागी पुन्हा कापायचं, मोकळं होईपर्यंत. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेलमध्ये ती जवळजवळ नेहमी यशस्वी ठरते आणि कातडी कमीत कमी जाते. जवळ सोय नसेल तर कडा मोकळ्या झाल्याचा रिपोर्ट येईपर्यंत जखम बंद न करण्याचा मार्गही आहे. तो विचारून घ्या. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर रेडिएशन चालतं. इमिक्विमोडसारखी मलमं फक्त वरवरच्या चपट्या प्रकारासाठी. नाकावरच्या उंच गाठीला ती लावत बसू नये. पसरलेल्या मेलॅनोमासाठी २०११ नंतर प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं आली आणि त्यांनी चित्र खरोखर बदललं, तरी लवकर कापून काढण्याची बरोबरी त्यांना येत नाही.

घरच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं द्या. आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, मोठा आरसा आणि हातातला लहान आरसा घेऊन. डोक्यावर केसांचे भांग पाडत दुसऱ्याने बघावं. कानामागे, पाठ, पोटऱ्या, बोटांच्या बेचक्या, तळवे, नेलपॉलिश काढून नखं, गुप्तांगांची कातडी. शंका येईल त्या डागाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, तारीख टाका, आणि पुढच्या वेळी त्याच उजेडात, त्याच अंतरावरून काढा. स्मरणशक्तीवर अवलंबून राहिलं की ‘एवढाच होता बहुतेक’ असंच वाटतं.

वडिलांना एकदा हा रोग निघाला तर दुसऱ्या ठिकाणी नवा होण्याची शक्यता वाढते, म्हणून नंतर काही वर्षं सहा-बारा महिन्यांनी पूर्ण कातडी दाखवायची. उन्हातल्या अतिनील किरणांचा निर्देशांक (यूव्ही इंडेक्स) ३ किंवा जास्त असेल तेव्हा रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि सावली. उघड्या जागी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन. चेहरा-मानेसाठी तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा लागतात, दर दोन तासांनी पुन्हा. त्याहून कमी लावलं की बाटलीवरचा आकडा मिळत नाही.

शेवटी अपॉइंटमेंटबद्दल. जुने फोटो शोधा. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या समारंभातला चेहऱ्याचा फोटोही पुळी तेव्हा नव्हती हे दाखवायला पुरतो. चालू औषधांची यादी, मधुमेह, पेसमेकर, भुलीच्या इंजेक्शनची अॅलर्जी हे लिहून न्या. आणि बायोप्सीचा रिपोर्ट ‘कर्करोग नाही’ असा आला, पण पुळी पुन्हा त्याच जागी फुटली, तर त्या कागदावर थांबू नका. तुकडा वरवरचा किंवा भलत्याच जागेचा घेतला गेला असू शकतो. तोच रिपोर्ट घेऊन परत जा आणि खोल बायोप्सी पुन्हा करून घ्या.